पैसे तापमानाचे द्या

झाशीतल्या मराठी घरांत सू-वीडचा विषय निघाला की दोनच उत्तरं ऐकू येतात. पहिलं उत्तर असं, की हे परदेशी हॉटेलांचं आणि पैसेवाल्यांचं प्रकरण, आपल्याला कुकर आहे तेवढा पुरे. दुसरं उत्तर जाणकारांचं. ते सांगतात, घ्यायचं तर नामांकित कंपनीचं, फोनवर चालणारं यंत्र घ्या, जोडीला पिशवीतली हवा ओढणारं व्हॅक्यूमचं मशीन घ्या. तेवढा खर्च झेपत नसेल तर या वाटेला जाऊ नका. दोघं एकमेकांविरुद्ध बोलतात असं वाटतं, पण दोघांनी एकच गोष्ट धरून ठेवली आहे, की हे महागच असतं. झाशीच्या नेवाळकर राजांच्या काळापासून इथं राहिलेली घरं असोत, की रेल्वे आणि भेलच्या नोकरीपायी आलेली, या एका समजुतीमुळे कितीतरी चांगल्या स्वयंपाकघरांनी या पद्धतीकडे पाठ फिरवली आहे. मला त्याचं वाईट वाटतं, म्हणून हा प्रतिवाद.

पद्धत साधी आहे. जिन्नस पिशवीत किंवा बरणीत बंद करायचा, पिशवीतली हवा काढायची, आणि ठरलेल्या तापमानाच्या पाण्यात ठरलेला वेळ ठेवायचा. पाणी उकळत नाही. कोंबडीसाठी ६२ अंश ठरवले तर ते ६२ वरच राहतं, त्यामुळे आतलं मांस ६२ च्या वर जाऊच शकत नाही. करपणं नाही, वातड होणं नाही. सगळी किमया त्या एका आकड्यात आहे. मग पैसे मोजायचे ते आकडा धरून ठेवण्याचे, बाकी कशाचेही नाहीत.

श्रीमंती चोचल्याचा आरोप इतिहासालाही धरून नाही. कमी आचेवर फार वेळ शिजवलेल्या मांसाची नोंद काउंट रम्फर्ड या शास्त्रज्ञाने १७९९ मध्ये केली. बटाटे वाळवण्यासाठी बनवलेल्या यंत्रात त्याने मटणाचा खांदा ठेवून पाहिला होता. हा तोच रम्फर्ड, ज्याने म्युनिकमध्ये गरिबांना कमी खर्चात पोटभर जेवण मिळावं म्हणून सूपच्या कृती बसवल्या आणि कमी जळण खाणाऱ्या चुली आखल्या. पुढे १९७४ मध्ये फ्रान्समधल्या रोआन गावी, त्र्वाग्रो कुटुंबाच्या उपाहारगृहासाठी जॉर्ज प्रालू याने प्लास्टिकमध्ये बंद करून शिजवण्याची रीत बसवली. तिथं शिजवायचा पदार्थ महाग होता आणि शिजताना वजनात फार घटत होता. ती घट थांबवायची होती. त्याच दशकात ब्रुनो गूसो हा शास्त्रज्ञ गोमांसाच्या स्वस्त, वातड भागांवर हेच करत होता. म्हणजे नासाडी वाचवणं आणि हलका माल चांगला करून घेणं, याच गरजेतून ही पद्धत उभी राहिली. काटकसरीच्या घराला हे परकं वाटायचं कारणच नाही.

महाग होतं ते यंत्र, आणि तेही एका काळापुरतं. पहिल्या पिढीतले आचारी प्रयोगशाळेतली पाणी तापवायची उपकरणं वापरत. २००९ मध्ये घरगुती वापरासाठी आलेला सू-वीड सुप्रीम हा डबा अमेरिकेत साडेचारशे डॉलरच्या आसपास विकला जाई. मग पातेल्याच्या काठाला अडकवायची कांडी आली, आणि २०१३-१४ च्या सुमारास तिची किंमत दोनशे डॉलरच्या आत उतरली. त्या कांडीत असतं काय? एक तापणारी कॉइल, पाणी फिरवणारा छोटा पंखा, तापमान मोजणारा सेन्सर, आणि किती वीज सोडायची ते ठरवणारी चिप. यातलं काहीही आज दुर्मिळ नाही. बटणं आणि आकडे दाखवणारी पाटी असलेली साधी कांडी आज साधारण एका चांगल्या मिक्सरच्या पैशात येते. मिक्सरला कोणी चोचला म्हणत नाही.

आता जाणकारांकडे वळते, कारण त्यांच्या सल्ल्याने जास्त नुकसान होतं. महाग यंत्रात जादा पैसे कशाचे जातात ते पाहा. तापमान अर्ध्या अंशाच्या आत धरण्याचं काम बहुतेक साध्या कांड्याही करतात. जादा पैसे जातात फोनच्या जोडणीचे, दिसण्याचे, आणि काही प्रमाणात टिकाऊ बांधणीचे. टिकाऊपणाला माझा विरोध नाही. फोनला आहे. जूल नावाच्या कांडीच्या पहिल्या नमुन्यावर आकडे दाखवणारी पाटीच नव्हती. फोन नसेल तर तापमान ठरवायची सोय नव्हती. ॲनोव्हा ही या धंद्यातली सर्वांत ओळखीची कंपनी, २०१७ मध्ये इलेक्ट्रोलक्सने विकत घेतली. तिने ऑगस्ट २०२४ पासून नव्या ग्राहकांना आपल्या ॲपसाठी वर्गणी लावली, आणि आपल्या काही जुन्या यंत्रांची ॲपशी जोडणी २०२५ मध्ये बंद करण्याचं जाहीर केलं. यंत्रावरची बटणं चालू राहिली, हे न्यायाने सांगायला हवं. पण मुद्दा तोच आहे. बटण तुमचं असतं, ॲप कंपनीचं असतं. ज्या घरात एक कुकर वीस वर्षं चालतो, त्या घराने अशा वस्तूत पैसे घालू नयेत जिचा अर्धा भाग दुसऱ्या देशातल्या कचेरीतून बंद करता येतो.

याच्याच जोडीला अमेरिकेतल्या भाच्याकडून किंवा दिराकडून मागवण्याचा सल्ला येतो. तिकडे सेल लागतो, सूटकेसमध्ये येऊन जातं, असं सांगतात. अमेरिकेतली कांडी १२० व्होल्टवर चालते, आपल्याकडे २३० व्होल्ट येतात. इथल्या सॉकेटला थेट लावली तर गेली. बाराशे वॉटच्या कांडीला लागणारा व्होल्टेज उतरवायचा ट्रान्सफॉर्मर किमतीला आणि वजनाला इतका असतो की वाचवलेले पैसे तिथंच संपतात. झाशीपासून जवळच खैलारला भेलचा कारखाना ट्रान्सफॉर्मर बनवतो. तिथं नोकरी केलेलं कोणी घरात असेल तर त्यांना विचारा, तेही हेच सांगतील. कांडी इथलीच घ्या, तीन पिनांची, २३० व्होल्टची, आणि दुरुस्तीला नेता येईल अशा दुकानातून.

कुकरवाल्यांशी माझं भांडण वेगळं आहे, कारण त्यांचं अर्धं म्हणणं खरं आहे. वरण, हरभरा, राजमा, पुरणाची डाळ कुकरमध्येच शिजवावी. राजम्याबाबत तर हा सुरक्षिततेचा प्रश्न आहे. कच्च्या राजम्यात पोट बिघडवणारं विष असतं, ते कमी आचेवर नष्ट होत नाही. राजमा खळखळ उकळायलाच हवा. त्यामुळे कमी तापमानाच्या पाण्यात राजमा ठेवण्याचा प्रयोग कोणीही करू नये. पण मांसाचं गणित वेगळं आहे. शिटी वाजते तेव्हा कुकरमध्ये १२० अंशांच्या आसपास तापमान असतं. त्या उष्णतेने बोकडाच्या मटणातले चिवट पडदे अर्ध्या तासात विरघळतात, हे कुकरचं मोठं काम. मात्र मांसाचे धागे साठ-पासष्ट अंशांच्या पुढे आवळत जातात आणि आतलं पाणी बाहेर टाकतात. म्हणून कुकरचं मटण मऊ असूनही दाताखाली कोरडं लागतं, आणि सगळी चव रश्श्यात उतरलेली असते. ज्यांना रस्साच हवा आहे त्यांनी कुकर सोडू नये. फोड स्वतः रसाळ हवी असेल तर तेच मटण ६५ ते ६८ अंशांवर वीस-चोवीस तास ठेवावं लागतं. पडदे तेव्हाही विरघळतात, फक्त सावकाश, आणि पाणी बरंचसं आत राहतं. हे काम कुकरला जमणारं नाही, कितीही मंद गॅसवर ठेवला तरी.

आणखी एक दावा असतो, की आपल्या दमात हे सगळं आधीपासून आहेच. अवधचा दम ही थोर रीत आहे, पण तिथं पदार्थ कोंडलेल्या वाफेत शिजतो. तापमान किती आहे हे आचारी अंदाजाने आणि वासाने ओळखतो. दोन्ही रीती आपापल्या जागी चांगल्या आहेत, एकीच्या जोरावर दुसरीला निकालात काढता येत नाही.

मसाल्याबद्दल इथंच सांगते, कारण मराठी घरात पहिला प्रयोग बहुधा इथंच फसतो. साठ-पासष्ट अंशांवर कच्चा कांदा आणि लसूण शिजत नाहीत, चोवीस तास ठेवले तरी कच्चेच लागतात. वाटण आधी तेलावर नीट परतून, गार करून मगच पिशवीत घालावं, किंवा पिशवीत फक्त मीठ-हळद घालून मटण शिजवावं आणि शेवटी वाटणात परतावं. पिशवीत साठलेला रस टाकू नये. तो एकदा उकळून, वर येणारा फेस गाळून रश्श्यात घालावा.

कमी तापमान म्हणजे कच्चं, असुरक्षित, अशी भीती दाखवली जाते. तिला उत्तर दूधडेअरीत आहे. दूध पाश्चराइज करण्याची जुनी, मान्य रीत म्हणजे ६३ अंशांवर ३० मिनिटं. दुसरी म्हणजे ७२ अंशांवर १५ सेकंद. जंतू तापमान आणि वेळ या दोन्हींच्या मेळाने मरतात. कोंबडीची जाड फोड ६२ अंशांच्या पाण्यात दीड-दोन तास राहिली की तिच्या आतल्या भागालाही पुरेसा वेळ मिळतो. पण ही सवलत फक्त आकडा खरा असेल तरच मिळते. चोपन्न अंशांच्या खाली कोणतंही मांस तासन् तास ठेवू नये. आकडा चुकला तर ही पद्धत खरोखरच धोक्याची आहे, आणि म्हणून मी म्हणते की पहिला खर्च कांडीवरही करू नका, थर्मामीटरवर करा. टोकदार दांडीचा डिजिटल थर्मामीटर काही शे रुपयांत मिळतो. तो खरं बोलतो का ते घरीच तपासता येतं. चुरलेल्या बर्फाच्या पाण्यात त्याने शून्य दाखवायला हवं, आणि खळखळत्या पाण्यात झाशीत ९९. शंभर नव्हे, कारण आपलं शहर समुद्रसपाटीपासून २८५ मीटरच्या आसपास उंचावर आहे आणि दर ३०० मीटरला पाणी सुमारे एक अंश आधी उकळतं. या दोन टोकांना जो थर्मामीटर बरोबर आहे, त्याच्यावर भिस्त ठेवावी.

थर्मामीटर आला की कांडी नसतानाही सुरुवात होते. अमेरिकेतले पाककृतींचे अभ्यासक जे. केन्जी लोपेझ-आल्ट यांनी २०१० मध्ये बिअर गार ठेवायच्या पेटीत गरम पाणी भरून मांस शिजवून दाखवलं. आपल्याकडे लग्नकार्यात लागणारा पाण्याचा कॅम्पर असतो, बर्फाची पेटी असते. जी पेटी गारवा धरते ती उष्णताही धरते. हिशोब सोपा आहे. दहा लिटर पाण्यात फ्रिजमधली अर्धा किलो कोंबडी सोडली की पाणी दोन ते अडीच अंशांनी उतरतं. म्हणून पाणी तीन अंश जास्त घ्यायचं, झाकण घट्ट लावायचं, तासाभराने थर्मामीटर घालून पाहायचं, उतरलं असेल तर किटलीतलं गरम पाणी थोडं ओतायचं. मासे, अंडी, कोंबडी यांसाठी एवढं पुरतं. चोवीस तासांच्या मटणाला नाही. तिथं कांडी हवी.

जुगाडाला मी मान देते, पण एका जुगाडाविरुद्ध मोठ्याने बोलायला हवं. बादलीत पाणी तापवायचा रॉड पातेल्यात सोडून, त्याला बाहेरून तापमान-नियंत्रक जोडायचा सल्ला सर्रास दिला जातो. सिपरी बाजारात दोन्ही वस्तू मिळतील. तरीही करू नका. रॉड पाणी फिरवत नाही, त्यामुळे वर एक तापमान आणि तळाशी दुसरं. पिशवी रॉडला टेकली तर वितळते. नियंत्रकाच्या मागच्या उघड्या स्क्रूंवर २३० व्होल्ट असतात. जुन्या वाड्यांत अर्थिंग धड नसतं, आणि पाण्याने भरलेलं स्टीलचं पातेलं आपण हाताने हलवणार असतो. रॉडच्या शॉकने माणसं मरतात, आणि पन्नास-पन्नास वर्षांच्या वायरिंगच्या घरात तो धोका स्वयंपाकघरात दिवसभर चालू ठेवायचा हे मला कोणत्याही बचतीसाठी मान्य नाही. नियंत्रक वापरायचाच असेल तर बंद खोक्यातला, तयार प्लग-सॉकेट असलेला घ्या आणि तो साध्या, खटक्याच्या इलेक्ट्रिक राइस कुकरला लावा. तिथं कॉइल पाण्याबाहेर असते. आणि काहीही वापरा, घराच्या बोर्डात वीज गळताच पुरवठा तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवलेला असू द्या. तसंच कॉलेजच्या किंवा दवाखान्याच्या लिलावात निघालेलं प्रयोगशाळेचं जुनं वॉटर-बाथ स्वस्त मिळालं तरी घरात आणू नका. त्यात आधी काय ठेवलं होतं ते कोणी सांगू शकत नाही.

शाकाहारी घरांनी हा विषय सोडून द्यायचं कारण नाही. झाशीच्या डिसेंबरात रात्री पारा सहा-सातवर येतो, दुधाला विरजण लावलं तर सकाळी ते दूधच असतं. मग भांडं रजईत गुंडाळणं, पिठाच्या डब्यात ठेवणं चालतं, आणि श्रीखंडाचा चक्का कधी धड बांधला जातो तर कधी चिकट निघतो. बरणीत विरजण लावून ती ४२ अंशांच्या पाण्यात पाच-सहा तास ठेवली की दर वेळी तेच घट्ट, गोड दही लागतं. केवळ एवढ्यासाठीसुद्धा मी कांडी घेतली असती. खरवसाची बरणी ८५ अंशांवर ठेवली तर वड्या एकसंध, मऊ होतात, उकळत्या वाफेत पडते तशी जाळी पडत नाही. गाजर, बीट यांनाही ८५ लागतात, कारण भाजीचा ताठरपणा त्याच्या खाली सुटत नाही. पण आपल्याच रसात शिजलेल्या गाजराचा गोडवा पाण्यात वाहून जात नाही.

वीजबिलाचा आक्षेपही असाच ऐकीव आहे. हजार वॉटची कांडी, दहा तास, म्हणजे दहा युनिट, असं लोक बोटांवर मोजून दाखवतात. कांडी पूर्ण जोराने फक्त पाणी तापेपर्यंत चालते. हिवाळ्यात १५ अंशांचं दहा लिटर पाणी ६० वर न्यायला सुमारे अर्धं युनिट लागतं; उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतून पाणीच इतकं तापलेलं येतं की त्याहून बरंच कमी. पुढे जेवढी उष्णता गळते तेवढीच भरून काढायची असते. सर्वांत जास्त गळते ती वाफेतून, कारण एक लिटर पाणी वाफ होऊन गेलं तर त्यासोबत ०.६ युनिटहून अधिक जातं. पातेल्यावर झाकण किंवा फॉइल, आणि भोवती जुनी चादर. मोठ्या वॉटेजच्या यंत्रापेक्षा या दोन गोष्टी जास्त पैसे वाचवतात. आणि मे २०२४ मध्ये ज्या शहरात पारा ४९ अंशांच्या घरात गेला, तिथं गॅसच्या ज्योतीपुढे उभं न राहता जेवण शिजतं याची किंमत स्वयंपाक करणाऱ्या बाईला विचारा.

उन्हाळ्याची एक अट मात्र पाळायलाच हवी. शिजलेली पिशवी लगेच खायची नसेल तर ती बर्फाच्या पाण्यात बुडवून गार करूनच फ्रिजमध्ये ठेवावी. ओट्यावर सोडून दिली तर झाशीच्या जूनमध्ये ती तासन् तास कोमटच राहील, आणि हवा नसलेल्या पिशवीत वाढणारे जंतू नेमके तेच शोधत असतात.

व्हॅक्यूम मशीनची गरज घरगुती वापरात जवळजवळ नसते. जाड, जिपची, अन्नासाठी बनवलेली पॉलिइथिलिनची पिशवी घ्यावी, तोंड थोडं उघडं ठेवून ती हळूहळू पाण्यात उतरवावी; पाण्याच्या दाबाने हवा आपोआप बाहेर जाते, मग जिप बंद करावी. भाजीवाल्याची पातळ पन्नी यासाठी कधीही वापरू नये. ज्यांना प्लास्टिक नकोच आहे त्यांचा आग्रह मला पटतो, आणि त्यांच्यासाठी काचेची बरणी आहे. दही, खरवस, अंडी, फळं सगळं तिच्यात होतं.

राहिला वीज जाण्याचा प्रश्न, आणि झाशीत दुकानदाराला सर्वांत आधी विचारायचा तोच आहे. घरचा नेहमीचा ९०० व्हीएचा इन्व्हर्टर हजार वॉटची कांडी ओढू शकत नाही, त्यामुळे वीज गेली की कांडी बंद. झाकलेलं, गुंडाळलेलं दहा-पंधरा लिटर पाणी थोड्या वेळाच्या खंडात फारसं उतरत नाही, ही जमेची बाजू. पण वीज परत आल्यावर काही कांड्या आधीचं तापमान लक्षात ठेवून स्वतः चालू होतात, काही गप्प पडून राहतात आणि मटण रात्रभर कोमट पाण्यात राहतं. म्हणून दुकानातच पाण्याने भरलेलं भांडं मागवा, कांडी चालू करा, ६० लावा, भिंतीवरचं बटण बंद करून पुन्हा चालू करा आणि पाहा. जी कांडी स्वतःहून ६० कडे निघाली ती घ्या. तिच्यासोबत आणलेला थर्मामीटर त्याच पाण्यात घालून दोन्ही आकडे जुळतात का ते बघा. कांडीचं खालचं आवरण उघडून कॉइल धुता येते का तेही पाहा, कारण बोअरचं जड पाणी असलेल्या घरात तिच्यावर पांढरा थर चढतो आणि तो अधूनमधून व्हिनेगरच्या पाण्याने काढावा लागतो. एवढ्या तपासण्यांत जी उतरते तिच्यावर कोणाचं नाव छापलं आहे याने जेवणात काहीही फरक पडत नाही.